ताटली खरवडल्याचा आवाज

मत्सर या विषयावर मी फार छान बोलते. फिलिपिन्समधल्या आमच्या दुमागेटे शहरातल्या बायका माझ्याकडे समुपदेशनाला येतात त्या कुणावर ना कुणावर जळत असतात. जावेच्या नव्या घरावर, बहिणीच्या परदेशातल्या नवऱ्यावर, नाहीतर सुनेच्या हातच्या चवीवर. मी त्यांना सांगते, मत्सराला घाबरू नका, आपल्याला काय हवं होतं ते तो बरोबर दाखवतो. बायका मान डोलावतात, नाक शिंकरतात आणि हलक्या होऊन घरी जातात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लिझेल माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा कळलं की मी पाषाणसुद्धा नव्हते, राखेखाली धुमसणारा कोळसा होते.

ती शहराजवळच्या वालेन्सिया गावची. डोंगराच्या पायथ्याशी तिची बेकरी आहे. पस्तिशीची, भरल्या अंगाची, नखांत पीठ आणि पाठीवर जाड तुळतुळीत वेणी. खुर्चीच्या कडेवर टेकून ती म्हणाली, "मॅम, मी माझ्या म्हाताऱ्या आईवर खेकसले. नुसती खेकसले नाही, तिच्यासमोरची वस्तू ओढून घेतली आणि भिंतीवर आपटली. तिचं अर्धं अंग गेलंय, मॅम. अशा बाईवर कुणी हात टाकतं का?"

"हात टाकलात?"

"वस्तूवर टाकला. पण तिला तो तिच्यावरच पडल्यासारखा वाटला. बघतच राहिली माझ्याकडे."

इथं कुठल्याही शिकाऊ पोरीनं विचारलं असतं, कसली वस्तू? मीही विचारणार होते. पण तेवढ्यात ती म्हणाली, "सख्खी नाही ती माझी. पण सख्खीला मागं टाकेल अशी आहे. आम्ही वर डोंगरात राहायचो ना, अमांगच्या वस्तीत, तिथं माझी सख्खी आई मेली आणि लहानपणीच मला हिच्याकडे दिलं. शीळवाली साबेल म्हणायचे तिला सगळे."

माझ्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. या धंद्यात मी चांगली मुरलेली आहे. मी विचारलं, "शीळवाली का?"

"भात पाखडताना वारा पडला की शीळ घालून वाऱ्याला बोलवायची. आणि गंमत म्हणजे मॅम, वारा यायचा!"

यायचाच. मला सांगायला नको. शीळवाली साबेल माझी आई.

अमांग म्हणजे बाप. वस्तीत तो एकटाच सगळ्यांचा बाप होता, आणि बाकीची नाती म्हणजे गळ्यातला दोर, असं तो सांगायचा. मूल सात वर्षांचं झालं की तो दोर कापायचा. संध्याकाळी लांब लाकडी टेबलांवर सगळी वस्ती जेवायला बसलेली असायची आणि अमांग मधेच एखादं नाव पुकारायचा. त्या मुलानं हातातला घास टाकून उठायचं, मागं न बघता दारातून बाहेर पडायचं आणि नेमून दिलेल्या दुसऱ्या बाईच्या घरी जायचं. त्यानंतर आपल्या आईला आई म्हणायचं नाही. आईनंही जागचं हलायचं नाही, मान वर करायची नाही, रडायचं नाही. रडलेल्या बायका मी पाहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्यांना मुगाच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसवलेलं असायचं.

माझं नाव पुकारलं तेव्हा माझ्या तोंडात भात होता. तो तसाच ठेवून मी उठले. दारापाशी पोचले आणि मागून आवाज आला. खर्रर्र. पत्र्याच्या ताटलीचा, लाकडावर. मला आईच्या बसण्याची जागा माहीत होती, आवाज तिथूनच आला होता. ती ताटली खरवडत होती. मी अजून उंबरठासुद्धा ओलांडला नव्हता आणि माझी आई उरलासुरला भात निपटून खात होती.

पुढं मला बासिलिया नावाच्या बाईच्या घरी ठेवलं. तिनं मला मारलं नाही आणि जवळही घेतलं नाही. मग एक दिवस माझी आत्या पोलिसांना घेऊन वर आली, मला जीपमध्ये घातलं आणि खाली आणलं. आई आली नाही. मी शिकले, लोकांच्या मनांच्या शिवणी उसवून पुन्हा घालायचं काम पत्करलं. माझी स्वतःची ही एक शिवण मात्र कधी उसवू दिली नाही. कुणी विचारलंच तर आई नाही म्हणून सांगायचं. एवढंच की मी ताटलीत जेवत नाही. बाजारातून पुसो आणते, माडाच्या पात्यांच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात. पुडी कापायची आणि खायचं, आवाज नाही की काही नाही. लोकांना वाटतं, बाईला भांडी घासायचा कंटाळा आहे.

नियमानं मी लिझेलला त्याच दिवशी सांगायला हवं होतं, की बाई, तुमची आई ती माझी आई आहे, तुम्ही दुसरीकडे जा. मी सांगितलं नाही. मी तिला पुढच्या मंगळवारची वेळ दिली. मला ऐकायचं होतं. शेजारच्या घरात मासे तळले की भुकेला माणूस खिडकीशी उभा राहतो, तशी मी उभी राहिले.

"आई तुमच्यावर माया कशी करायची, ते सांगा," मी मंगळवारी म्हटलं. कशाला विचारते तेही मला कळत होतं.

लिझेल खुलली. "मासा केला की गालाचं मांस माझं, मॅम. आधी बोटांनी चाचपून काटा बघायची, मग माझ्या तोंडात घालायची. उवा झाल्या तर बाकीच्या बायका पोरींचे केस कातरून टाकायच्या. नानायनं माझे कधी कापू दिले नाहीत. मांडीवर डोकं घेऊन एकेक काढायची. म्हणायची, इंदाय, हलू नको गं."

नानाय म्हणजे आई, इंदाय म्हणजे पोरी; या हाकेत विशेष काही नाही. इथं भाजीवालीसुद्धा गिऱ्हाइकाला इंदाय म्हणते. तरी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गालाचं मांस माझं होतं. ती मांडी माझी होती. बासिलियानं माझे केस बकऱ्या कातरायच्या कात्रीनं मुळापासून कापले होते, ते परत कधी धड वाढलेच नाहीत, आणि ही बया माझ्यासमोर मनगटाएवढी वेणी खांद्यावर टाकून बसली होती. चाळिशी ओलांडलेली, भिंतीवर दोन पदव्या लटकवलेली मी, एका बेकरीवालीच्या वेणीवर जळत होते. ती वेणी माझ्या वाटची आहे, असंच मला वाटत होतं.

"मग राग कशाचा आला?" मी विचारायला हवं होतं. मी विचारलं, "अजून सांगा."

तिनं सांगितलं. "एकदा पोलीस वर आले होते. नानायची नणंद आली होती, नानायच्या सख्ख्या मुलीला न्यायला. ती नानायलाही म्हणाली, चल, बस जीपमध्ये, कुणी अडवणार नाही. मला ताप होता, मॅम. मी नानायचा झगा दोन्ही मुठींत धरला होता. ती माझ्याकडे बघत राहिली. आणि नाही गेली."

"तुमच्यासाठी?"

"माझ्यासाठीच. मला दुसरं होतं कोण?"

मी त्या जीपमध्ये होते. मागच्या बाकावर, हातात आत्यानं दिलेलं केळं. मला वाटलं होतं, अमांगच्या धाकानं आई झोपडीबाहेर आली नाही. त्या समजुतीच्या आधारानं मी इतकी वर्षं काढली होती, कारण धाकाला माफ करता येतं. आता कळलं की कुणी अडवतच नव्हतं. तिनं निवड केली होती आणि त्या निवडीत मी नव्हते. हिचा ताप होता.

"आजची वेळ संपली," मी म्हटलं. वेळ संपली नव्हती. लिझेलनं घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बिचारी पर्स उचलून निघाली.

मनांग फेली, म्हणजे फेलीताई, माझी गुरू. शेजारच्या खोलीत बसते, केस पांढरे, जीभ तिखट. आमच्यासारख्यांनाही कुणापुढं तरी मन रिकामं करावं लागतं, मी तिच्यापुढं करते. दुपारी तिच्या टेबलावर ती सुकट आणि भात घेऊन बसली होती, मी माझा पुसो. मी सगळं सांगितलं.

"डोकं ठिकाणावर आहे का, पोरी?" ती म्हणाली. "पेशंट रडायला येते आणि तू तिच्या आईवर पोट भरून घेतेस?"

"माझी आई आहे ती, मनांग."

"मग जा की तिच्याकडे. वालेन्सिया काय चंद्रावर आहे? ते नाही. बाईसाहेब खुर्चीत बसून चोरून चाटणार."

"ती मला सोडून जेवत होती. मी दारात होते आणि ती ताटली खरवडत होती."

"ऐकलंय मी ते. शंभरदा ऐकलंय. तुला तेवढं एकच गाणं येतं." फेलीनं सुकटीचं डोकं मोडलं. "बरं, मला सांग, तिनं भिंतीवर आपटलं काय?"

"काय?"

"अगं, ती तुझ्याकडे आली कशासाठी? म्हातारीसमोरची वस्तू आपटली म्हणून ना? कसली वस्तू?"

मी पुसोची पुडी उलटीपालटी केली. फेलीनं हातातली सुकट खाली ठेवली, आणि सुकट खाली ठेवणं हे तिचं रागाचं टोक असतं.

"विचारलंच नाहीस! दोन बैठका झाल्या, आणि बाई ज्या दुखण्यासाठी आली ते तू विचारलंच नाहीस. आता येईल तेव्हा तेवढं विचार, मग खरं काय ते सांग आणि माझ्याकडे पाठवून दे. तिची आई पळवून झाली असेल तर तिचा इलाज तरी होऊ दे."

खाली घंटा वाजली, माझं कुणीतरी आलं होतं. मी अर्धा पुसो टाकून उठले. फेलीनं सवयीनं आपली ताटली जागच्या जागी फिरवली. जेवणातून कुणी उठून निघालं की मागं राहिलेले ताटली फिरवतात, जाणाऱ्याची वाट सुखरूप व्हावी म्हणून. फेली एवढी शिकलेली, पण मी जिना उतरणार असले तरी फिरवते. टेबलावर प्लॅस्टिकचं कापड होतं, आवाज काही झाला नाही.

मंगळवारी लिझेल आली तेव्हा मी तिला टेकूसुद्धा दिलं नाही. "त्या दिवशी तुम्ही भिंतीवर काय आपटलंत?"

ती कावरीबावरी झाली. "हसाल तुम्ही."

"नाही हसणार."

"ताटली, मॅम. तिची पत्र्याची ताटली. डोंगरातून उतरताना एवढी एकच वस्तू ती घेऊन आली. अमांग मेला, वस्ती उठली, मी तिला माझ्या घरी आणलं. नवी काचेची ताटली दिली तर जेवेना. तीच हवी. कारण ती फिरवता येते."

"फिरवता?"

"रोज फिरवते, मॅम. दोन घास खाल्ले की ताटलीवर हात ठेवते आणि फिरवते. खर्रर्र. जेवणातून कुणी उठलेलं नसतं! मी समोर बसलेली असते, माझी मुलं असतात. वर असतानाही फिरवायची. अमांगला असली जुनी थेरं चालत नसत. पकडली गेली, मुगावर बसवली, गुडघे सोलून निघाले, आणि दुसऱ्या दिवशी लंगडत जेवायला येऊन परत फिरवली. लहानपणी मी विचारलं, नानाय, कोण गेलंय उठून? तर म्हणाली, माझी इंदाय. अजून वाटेत आहे."

तिचा आवाज फाटला. "मग मी कोण? मी तिला आंघोळ घालते, भरवते, तिचे लंगोट बदलते. आणि रोज माझ्यासमोर बसून ती त्या निघून गेलेल्या सटवीसाठी ताटली फिरवते. त्या दिवशी मला नाही सोसलं. मी म्हटलं, कुणी नाही वाटेत, मेली ती! आणि ओढून घेतली. मॅम, मी त्या मुलीवर जळते. लहानपणापासून जळतेय. तोंड पाहिलेलं आठवत नाही, आणि मरमर जळतेय. वेड लागलंय ना मला?"

मत्सरावरचं माझं ते छान भाषण मला आठवेना. मला आवाज ऐकू येत होता. ताटली खरवडतात तेव्हा चमचा पत्र्यावर वाजतो, पुन्हा पुन्हा, तुकड्यातुकड्यानं. मी ऐकला तो आवाज लाकडावरचा होता. एकच, लांब, गोल. इतकी वर्षं तो माझ्याच कानात होता आणि मी तो एकदाही नीट ऐकला नव्हता. सगळी वस्ती बघत असताना, अमांग समोर बसलेला असताना, मान वर न करता ती मला वाटेला लावत होती.

मी रडायला लागले. पेशंटसमोर. माझ्याच टेबलावरची कागदी रुमालांची पेटी लिझेलनं माझ्याकडे सरकवली. "मॅम? काय झालं, मॅम?"

"ती सटवी मीच," मी म्हटलं.

तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती उठून उभी राहिली. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मला माशाच्या गालाचं सांगायला लावलंत? उवांचं सांगायला लावलंत? मला वाटायचं, बाई किती मन लावून ऐकते! तुम्ही चवीनं खात होतात!"

"हो."

"हो म्हणतात वर! अहो, तुम्ही इथं गारव्यात बसलात, शिकलात, सावरलात. अर्ध्या तासावर आहे ती. कधी एकदा तोंड दाखवलंत?"

"ती जीपमध्ये बसली नाही," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच सात वर्षांचा वाटला. "तुझ्यासाठी बसली नाही."

"म्हणजे आता दोष माझा? मला ताप होता!"

"मला पण आई हवी होती!" मी ओरडले. पलीकडच्या खोलीतून मनांग फेली मोठ्यानं खोकली.

लिझेल दाराशी गेली, परत वळली. वेणीचं टोक तिच्या मुठीत होतं. "रविवारी जेवायला या. तुमच्यासाठी बोलवत नाही, गैरसमज नको. तिची वाट बघणं संपू दे. माझीही सुटका होऊ दे."

बेकरीच्या मागं दोन खोल्या. आई चाकाच्या खुर्चीत टेबलाशी बसली होती. माझ्या आठवणीतल्या बाईच्या निम्मी उरली होती. मी तिचा चांगला हात उचलून माझ्या कपाळाला लावला. तिनं वाकड्या तोंडानं आशीर्वाद पुटपुटला, कुणालाही देतात तसा.

"नानाय," लिझेल तिच्या कानाशी म्हणाली, "ही बघ तुझी इंदाय. सख्खी. आली ती."

आईनं मला न्याहाळलं. पाहुण्या बाईला नाराज करू नये म्हणून हसली. "ही मोठी बाई आहे," ती म्हणाली. "माझी इंदाय एवढीशी आहे." आणि तिनं हात टेबलाच्या कडेइतका उंच धरून दाखवला.

लिझेलनं माझ्याकडे पाहिलं नाही. मुलांना तिनं शेजारी पाठवलं होतं, जेवायला आम्ही तिघीच. तिनं मला काचेची ताटली दिली, आईची पत्र्याची. तिच्या काठाचा टवका उडाला होता, तो कशानं ते मला ठाऊक होतं. भात, मासा, शेवग्याच्या पाल्याचं पाणी. आईनं माशाचं डोकं जवळ ओढलं, गालाचं मांस बोटांनी काढलं, सावकाश चाचपून काटा पाहिला आणि लिझेलच्या तोंडापाशी नेलं. मी घास चावायचा थांबले.

लिझेलनं ते तोंडात घेतलं नाही. आईच्या बोटांतून काढून माझ्या भातावर ठेवलं. "गप खा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "बघू नका माझ्याकडे."

मी खाल्लं. आणखी दोन घास झाले. मग आईनं तळवा ताटलीवर ठेवला आणि फिरवली. खर्रर्र. या वेळी मी समोर होते, तिच्या मनगटाची शीर ताणलेली मला दिसली.

"नानाय, मी आले," मी म्हटलं. "पोचले मी."

तिनं ऐकलं नाही. तिची नजर दाराकडे होती, माझ्या खांद्यावरून पलीकडे, टेबलाच्या उंचीच्या कुणाकडे तरी. मी तिथं दोन हातांवर बसले होते, आणि जन्मात कधी कुणावर जळले नाही इतकी मी त्या एवढ्याशा पोरीवर जळले. माझ्या आईचं सगळं तिनं नेलं होतं, आणि ती परत यायची नव्हती.

लिझेलनं सुस्कारा टाकला. "जाऊ दे. वाटेत आहे म्हणते, तर असेल वाटेत," ती म्हणाली, आणि पिठाच्या नखांचा हात ठेवून तिनं आपली ताटली फिरवली. आई तिच्याकडे बघून समाधानानं हसली.

मग मीही माझी फिरवली. लिझेलनं माझ्या आधी फिरवली, हे मात्र मला अजून सलतं.